मूळ आणि कूळ : डहाणू-तलासरी प्रदेशातील काही मूलार्थवाचक शब्दांचा विचार

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती सांगणाऱ्याचा हेतू व्यवहारी आहे. थोर वस्तूचा उगम बहुधा क्षुद्र असतो, तो उकरून काढण्यात लाभ नाही, एवढेच त्याला सुचवावयाचे असते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हा उपदेश पाळता येत नाही. मूळ शोधणे हाच त्याचा व्यवसाय आहे; आणि काही प्रदेश असे असतात की तेथे मूळ कोणाचे व कूळ कोणते, या प्रश्नांवर माणसांची जमीन, मजुरी आणि मान अवलंबून राहिलेली असते. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे दोन तालुके असाच एक प्रदेश होय. प्रस्तुत लेखात या प्रदेशाशी निगडित असलेल्या आणि 'पहिले', 'मुळचे', 'आरंभीचे' अशा अर्थाभोवती फिरणाऱ्या काही शब्दांचा विचार करावयाचा आहे. शब्दाची व्युत्पत्ती कोणत्या गोष्टीची साक्ष देऊ शकते आणि कोणत्या गोष्टीची देऊ शकत नाही, हे त्यावरून पाहणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

प्रदेशाची प्रशासकीय ओळख थोडक्यात सांगणे अवश्य आहे. दोन्ही तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये निर्माण झाली, तेव्हा त्या वेळच्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांतून तलासरीचा विभाग घडला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आल्यावर हे तालुके त्यात आले. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया, दुबळा, कातकरी अशा जमातींची येथे मोठी वस्ती असून संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात हे दोन्ही तालुके मोडतात.

१. डहाणू : लेखाची साक्ष

प्रथम खुद्द 'डहाणू' हेच नाव घेऊ. हे नाव 'धेनु' या शब्दावरून आले, पूर्वी येथे गाईंची समृद्धी होती, म्हणून 'धेनुग्राम', अशी एक लोकप्रिय उपपत्ती सांगितली जाते. ऐकावयास ती गोड आहे. परंतु नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील या लेखात उषवदाताने इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर लोकांसाठी विनामूल्य नावांची सोय केल्याचे नमूद आहे. पारादा म्हणजे पार नदी, दमण म्हणजे दमणगंगा, आणि दाहनुका म्हणजे डहाणूच्या खाडीला मिळणारा प्रवाह, ही ओळख अभ्यासकांनी सामान्यतः मान्य केली आहे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी या नावाचा आरंभ 'दाह-' असा होता, 'धे-' असा नव्हता. 'धेनु'तील महाप्राण ध सुटून त्याचे 'दाह' झाले असे मानावयास भाषाशास्त्रात आधार नाही; उलट 'दाहनुका' वरून 'डहाणू' सहज सिद्ध होते. दुसरी गोष्ट अशी की, हे नाव प्रथम गावाचे नसून प्रवाहाचे म्हणून लेखात आले आहे. नदीचे मूळ शोधू नये असे म्हणीने कितीही बजावले, तरी येथे गावाचे मूळ नदीत सापडते.

या साक्षीची मर्यादाही लगेच ध्यानात घेतली पाहिजे. लेख कोरवून घेणारा सत्ताधारी होता आणि त्याचे लक्ष व्यापारी मार्गांवरील उतारांकडे होते. हीच गोष्ट पुढेही दिसते. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे मिळालेले आणि दिनेशचंद्र सरकार यांनी संपादिलेले ताम्रपट या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. त्यांपैकी राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ च्या ताम्रपटात संयान म्हणजे आजचे संजाण येथील कारभार मधुमति या ताजिक अधिकाऱ्याकडे असल्याचे सांगितले आहे. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमति हे महंमद या नावाचे संस्कृत रूप होय. अरब अधिकारी, कर्नाटकातील सम्राट आणि मठाला दिलेले दान अशी तिहेरी नोंद एका ताम्रपटात सापडावी, इतका हा किनारा गजबजलेला होता. परंतु किनाऱ्यापासून काही कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी जे लोक राहत होते त्यांचे स्वतःचे शब्द या लेखांत उमटलेले नाहीत. जुने कागद किनाऱ्याचे आहेत. रानाला कागद नाही. मुळाचा शोध घेताना ही विषमता विसरणे म्हणजे ज्याच्याजवळ लेख त्याचेच मूळ खरे, असा निर्णय आधीच देऊन टाकणे होय.

२. रान, जंगल, पाडा

डहाणूत आजही किनाऱ्याच्या भागाला बंदरपट्टी व आतल्या भागाला जंगलपट्टी म्हणतात. यांतील 'जंगल' या शब्दाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. संस्कृत 'जाङ्गल' म्हणजे दाट झाडीचा मुलूख नव्हे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत देशाचे जांगल, आनूप व साधारण असे भेद केले आहेत. जांगल म्हणजे कोरडा, उघडा, विरळ झाडीचा व थोड्या पाण्याचा प्रदेश. आनूप म्हणजे पाणथळ, दमट प्रदेश. या व्याख्येने पाहिले तर चार महिने पावसाने न्हाणारी डहाणूची जंगलपट्टी जांगल ठरणार नाही, आनूपाच्याच जवळ जाईल. म्हणजे मधल्या काळात शब्दाचा अर्थ पुरता उलटला. या उलट्या प्रवासात एक घटक मात्र कायम राहिला. जांगल देश कोरडा असो की झाडीचा, तो नांगराखाली न आलेला, वसाहतीबाहेरचा देश होता.

'रान' या शब्दाचीही हीच कथा आहे. अरण्य, प्राकृत रण्ण, मराठी रान, अशी ही परंपरा आहे. 'अरण्य' हा शब्द ज्या 'अरण' पासून आला, त्याचा वैदिक अर्थ परका, दूरचा असा आहे. अरण्य म्हणजे मुळात झाडांचा समूह नव्हे, तर आपल्या गावाच्या सीमेपलीकडील परकी भूमी. हा अर्थ गावात बसलेल्या माणसाने दिलेला आहे हे उघड आहे. जो रानातच राहतो त्याला रान परके कसे असेल? तेव्हा 'रानातला', 'जंगली' हे शब्द ज्यांना लावले गेले त्यांच्याविषयी ते फारसे काही सांगत नाहीत. लावणारा कोठे उभा होता, तेवढे सांगतात.

याच्या उलट 'पाडा' हा शब्द आतल्या वस्तीचा आहे. संस्कृत 'पाटक' वरून तो आला. जुन्या दानलेखांत पाटक म्हणजे गावाचा एक भाग. डहाणू-तलासरीत महसुली गाव हे कागदावरील एकक आहे. माणसाची खरी वस्ती पाड्यात असते आणि एका गावात कित्येक पाडे असतात. कागदाने गावाला पूर्ण मानले व पाड्याला अंश मानले. राहणाऱ्याला पाडा पूर्ण वाटतो व गाव हे बाहेरचे नाव वाटते. अंश व पूर्ण यांची ही उलटापालट पुढे जमिनीच्या नोंदींच्या संदर्भात फार महत्त्वाची ठरते.

३. 'वारली' या नावाच्या तीन उपपत्ती

या प्रदेशातील सर्वांत मोठी जमात वारली. या नावाच्या तीन उपपत्ती मांडण्यात आल्या आहेत. त्या क्रमाने तपासू.

पहिली उपपत्ती जॉन विल्सन यांच्या नावाशी जोडली जाते आणि १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही तिचा उल्लेख आहे. सप्तकोकणांच्या पारंपरिक यादीत 'वरलाट' असे एका भागाचे नाव येते. त्या वरच्या मुलखातील ते वारली, असे तिचे स्वरूप आहे. दुसरी उपपत्ती वि. का. राजवाडे यांची. पाणिनीच्या अपत्यार्थक प्रत्ययांच्या प्रकरणातील एका सूत्रावर कात्यायनाचे वार्तिक आहे. त्यात व्यास, वरुड, निषाद, चंडाल इत्यादी शब्द येतात आणि वरुडाचा वंशज तो 'वारुडकि' असे रूप सिद्ध होते. या वारुडकीपासून वारली, असे राजवाडे मानतात. तिसरी उपपत्ती 'वारल' या शब्दावर उभी आहे. वारल म्हणजे लागवडीखाली आणलेला जमिनीचा लहान तुकडा. तो कसणारा तो वारली.

या उपपत्तींना लावता येईल अशी एक कसोटी मराठीच्या ध्वनिविचारात आहे. संस्कृतातील दोन स्वरांमधील एकेरी ल मराठीत ळ होतो. मूल-मूळ, कुल-कूळ ही त्याचीच उदाहरणे. प्राकृतातील दुहेरी ल्ल मात्र मराठीत ल राहतो. 'उपरि' वरून आलेल्या 'वर' ला इल्ल हा प्रत्यय लागून झालेला 'वरला' हा शब्द त्याचे उदाहरण आहे. त्याचप्रमाणे स्वरमध्यस्थ ड हाही मराठीत बहुधा ळ होतो : तडाग-तळे, गुड-गूळ, षोडश-सोळा. झूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात हा ल-ळ चा भेद व्यवस्थित मांडला आहे.

ही कसोटी लावली तर वारुडकीपासून 'वारळी' असे रूप अपेक्षित आहे, 'वारली' असे नाही. शिवाय 'वरुड' हा शब्द वेताबांबूचे काम करणाऱ्यांचा वाचक असून त्याचा थेट वारस मराठीत 'बुरूड' हा आहे. वारली हे मुख्यतः भात, नागली पिकविणारे लोक. बुरुडकाम हा त्यांचा जातिधंदा नव्हे. 'वरला' शी संबंध जोडणारी उपपत्ती ल च्या दृष्टीने निर्दोष ठरते; तथापि आरंभीचा दीर्घ वा तीत उलगडत नाही.

येथे एक अडचण मान्य केली पाहिजे. उत्तर कोकणातील अनेक बोलींत ळ चा उच्चार ल असाच होतो. म्हणून 'वारली' मधील ल हा जुन्या ल्ल चा वारस आहे की बोलीतील ळ चा, हे केवळ या एका रूपावरून सांगता येत नाही. कसोटी चुकीची नव्हे; पण ती ज्या भाषेची आहे त्या भाषेच्या सीमेवर ती बोथट होते. प्रमाण मराठीच्या नियमांनी सीमेवरील बोलीचा निवाडा करताना ही सावधगिरी अवश्य आहे.

निर्णय द्यावयाचाच तर असे म्हणता येईल की, पहिली व तिसरी या दोन्ही उपपत्ती भूमीशी नाते जोडणाऱ्या असल्याने अधिक संभवनीय आहेत. त्यांतही भेद आहे. 'वरच्या मुलखातील' हे नाव खालच्या मुलखातल्याने दिलेले. 'वारल कसणारा' हे नाव स्वतःच्या श्रमावरून पडलेले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने मुख्य मुद्दा निराळाच आहे. तिन्हींपैकी एकाही उपपत्तीत 'पहिला' हा अर्थ नाही. वंश आहे, उंची आहे, शेत आहे, काळ नाही. हे लोक या भूमीत 'आदि' आहेत, हे विधान त्यांच्या नावातून निघत नाही. मग ते आले कोठून?

४. आदि, आद्य, आदिम

प्राचीन वाङ्मयात वनवासी लोकांसाठी शब्दांची वाण नाही. निषाद, शबर, पुलिंद ही नावे आहेत. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अटवीतील लोकांचा उल्लेख आहे आणि अर्थशास्त्रात 'आटविक' हा शब्द येतो. ही सगळी नावे स्थळाची किंवा समूहाची आहेत. 'प्रथम येथे राहणारे' अशा कालवाचक अर्थाचा सामान्य शब्द या परंपरेत रूढ झालेला दिसत नाही. 'आदिवासी' हा समास संस्कृत घटकांचा असला तरी विसाव्या शतकातील आहे.

त्याच्यामागे इंग्रजीतील 'ॲबॉरिजिन' हा शब्द उभा आहे, आणि त्या शब्दाचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. रोमन परंपरेत 'अबोरिगिनेस' हे लॅटियम प्रांतातील एका पुराणप्रसिद्ध लोकसमूहाचे नाव होते. 'आरंभापासूनचे' असा त्याचा अर्थ लावला गेला. अथेन्सचे नागरिक स्वतःला 'ऑटोख्थोन' म्हणजे याच मातीतून उपजलेले म्हणवीत आणि त्याचा अभिमान बाळगीत. म्हणजे जुन्या युरोपात भूमिजत्व हे सत्ताधारी नागरिकाचे भूषण होते. वसाहतींच्या काळात मात्र तोच अर्थ जिंकलेल्यांना लावण्यात आला आणि भूषणाचे दूषण झाले. भारतातील जनगणनांत हा बदल टप्प्याटप्प्याने दिसतो. १८९१ मध्ये 'वन्य जमाती', १९०१ मध्ये 'जडप्राणवादी', १९३१ मध्ये 'आदिम जमाती', आणि १९३५ च्या कायद्यात 'मागास जमाती', असे वर्ग बदलत गेले. माणसे तीच होती. रकान्याचे शीर्षक बदलत होते.

या पार्श्वभूमीवर 'आदिवासी' या शब्दाची निवड पाहिली पाहिजे. छोटा नागपूरमध्ये १९३८ साली आदिवासी महासभा या नावाने संघटना उभी राहिली आणि जयपालसिंग यांनी हा शब्द राजकारणात आणला. अमृतलाल ठक्कर म्हणजेच ठक्करबाप्पा यांच्या कार्यामुळे तो पश्चिम भारतात पसरला. तलासरीला लागून असलेल्या दक्षिण गुजरातेत त्यापूर्वी 'काळीपरज' हा हीनत्वदर्शक शब्द चालत असे. गांधीयुगात त्याच्या जागी 'रानीपरज' हा शब्द आणण्यात आला. रंगाच्या जागी स्थळ आले, आणि पुढे स्थळाच्या जागी काळ आला. गो. स. घुर्ये यांना हा कालवाचक दावा मान्य नव्हता. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी 'तथाकथित' हे विशेषण जोडूनच मूळ रहिवाशांची चर्चा केली व त्यांना मागासलेले हिंदू म्हणणे पसंत केले. संविधान सभेत १९४८ साली जयपालसिंग यांनी 'आदिबासी' या शब्दाचा आग्रह धरला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तो शब्द सामान्य स्वरूपाचा असून त्याला निश्चित वैधानिक अर्थ नाही, असे उत्तर दिले. संविधानात शब्द आला तो 'अनुसूचित जमाती' हा. अनुसूचित म्हणजे यादीत नोंदलेली. यादीत नाव आहे की नाही हे तपासता येते. प्रथम कोण आले हे न्यायासनासमोर सिद्ध करणे दुष्कर. कायद्याच्या दृष्टीने ही निवड समंजस होती. परंतु 'आदिवासी' या शब्दाने जो मान दिला होता तो 'अनुसूचित' या शब्दात उरला नाही, हेही तितकेच खरे.

'आदि' पासूनच सिद्ध झालेल्या आणखी दोन शब्दांशी याची तुलना करावी. 'आद्य' म्हणजे पहिला, आणि तो नेहमी गौरवाने येतो : आद्य शंकराचार्य, आद्य कवयित्री. 'आदिम' म्हणजेही पहिलाच. पण शासकीय मराठीत 'आदिम जमाती' म्हणजे विकासात सर्वांत मागे राहिलेल्या जमाती, आणि महाराष्ट्रात त्यांत कातकरी, कोलाम व माडिया गोंड यांची गणना होते. एकाच 'आदि' पासून एक शब्द आदराचा, एक अनुकंपेचा आणि एक हक्काचा, असे तीन निघाले. यावर कडी करणारा चौथा उपयोगही आहे. 'वारली, कोकणा आदी जमाती' असे आपण लिहितो, तेव्हा 'आदी' म्हणजे 'वगैरे'. ज्या शब्दाने माणसाला पहिला म्हणावे त्याच शब्दाने त्याला शेवटी, नाव न घेता, गुंडाळून टाकावे, हा भाषेचा योगायोग आहे खरा. अहवालांची वाक्ये वाचताना मात्र तो केवळ योगायोग वाटत नाही.

'आद्य' या शब्दासंबंधी आणखी एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. तेराव्या शतकातील महानुभाव पंथीय महदाइसा हिला आपण मराठीची आद्य कवयित्री म्हणतो, ते तिच्या 'धवळ्यां' मुळे. धवळे म्हणजे विवाहप्रसंगी गावयाची गीते. शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरातही 'धवल' हा प्रबंधप्रकार सांगितला आहे. डहाणू-तलासरीतील वारली विवाहात गीते म्हणून विधी पार पाडणाऱ्या स्त्रीला 'धवलेरी' म्हणतात. भिंतीवर सुवासिनी चौक लिहितात, त्यात पालघाट देवीची आकृती येते आणि धवलेरी गाते. तिच्या नावातील ल हा बोलीतील ळ-ल च्या अभेदाचा उत्तम पुरावा आहे. तो वर मांडलेल्या शंकेला बळकटी देतो. यावरून धवलेरीची परंपरा महदाइसेहून जुनी आहे असे सिद्ध होत नाही. एवढे मात्र दिसते की, विवाहगीत गाणाऱ्या स्त्रियांची एक दीर्घ परंपरा होती आणि तिच्यातील ज्या स्त्रीचे शब्द लिहिले गेले तिला आपण 'आद्य' म्हणतो. इतिहासातील 'आद्य' म्हणजे पुष्कळदा प्रथम घडलेले नव्हे, प्रथम नोंदलेले होय.

५. वेठ आणि कूळ

आता ज्या शब्दांवर प्रत्यक्ष जगणे अवलंबून होते त्यांच्याकडे वळू. संस्कृत 'विष्टि' म्हणजे राजाने सक्तीने घेतलेली बिनमोबदला मेहनत. प्राकृतातून तिची 'वेठ' झाली. शके ७२ म्हणजे इ. स. १५० च्या जुनागढ येथील लेखात रुद्रदामन सांगतो की, सुदर्शन तलावाचा बांध त्याने कर, विष्टि व प्रणय यांनी प्रजेला न पिडता बांधविला. याच लेखात त्याच्या सत्तेखालील प्रदेशांत अपरान्त म्हणजे उत्तर कोकणही आहे. राजाने आपण विष्टि घेतली नाही हे शिळेवर कोरून ठेवावे, यावरून ती घेणे किती सर्रास होते याची कल्पना येते.

अठराशे वर्षांनंतर तोच शब्द याच प्रदेशात जिवंत होता. १९३९ च्या अहवालात सिमिंग्टन यांनी मुंबई इलाख्यातील डोंगरी जमातींच्या स्थितीचे जे वर्णन केले, त्यात वेठ आहे आणि 'लग्नगडी' ही आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी जो सावकाराकडे गडी म्हणून बांधला जातो तो लग्नगडी. मंगलवाचक 'लग्न' आणि चाकरीवाचक 'गडी' यांचा हा समास कोणत्याही जुन्या कोशकाराच्या कल्पनेत आला नसता. पावसाळ्यात खाण्यासाठी घेतलेले धान्य ती 'खावटी', आणि सुगीला ते दीडपटीने फेडावयाचे ती 'दिढी'. या चार शब्दांत एका कुटुंबाचे वर्ष संपूर्ण सामावते.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची मोठी सभा भरली. हे गाव त्या वेळी उंबरगाव तालुक्यात होते, आज ते तलासरीत आहे. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने भरविलेल्या या सभेत वेठ न करण्याचा निश्चय झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या आपल्या ग्रंथात हा लढा सविस्तर सांगितला आहे. त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या दृष्टीने लक्षात घ्यावयाचे ते असे की, झरीच्या सभेतील मागणी 'आम्ही येथले प्रथमचे' या आधारावर उभी नव्हती. वेठ करणार नाही आणि कामाचा दाम मिळाला पाहिजे, असे तिचे स्वरूप होते. ती मुळाची नव्हती, श्रमाची होती.

'कूळ' या शब्दाचे स्थान येथेच कळते. संस्कृत 'कुल' म्हणजे वंश, घराणे. मराठीत कूळ म्हणजे वंश हा अर्थ राहिला, आणि त्याच्या शेजारी दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा, ऋणको, असा दुसरा अर्थही रूढ झाला. हे दोन अर्थ एकमेकांना विरोधी वाटतात. पण त्यांतील दुवा स्पष्ट आहे. जुन्या व्यवस्थेत आकार बसवावयाचा तो कुटुंबावर. म्हणून कूळ म्हणजे आकारणीचे एकक, म्हणजे कसणारा. कुळकर्णी, कुळवाडी, कुळवार या शब्दांत हाच अर्थ आहे. पुढे जमिनीवरील मालकी कसणाऱ्याच्या हातून निसटत गेली तसे 'कूळ' या शब्दातून वंशाचे तेज गेले आणि मिंधेपणा उरला. ज्याला कूळ म्हणत त्याचे कूळ कोणी विचारीत नसे.

१९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने, आणि त्यातील सुधारणेनुसार १ एप्रिल १९५७ या कृषिदिनाने, या शब्दाला तिसरे वळण दिले. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ ती विकत घेतलेला मालक मानले गेले. कायद्यापुढे प्रश्न होता तो 'जमीन मुळात कोणाची' हा नव्हे, तर 'त्या दिवशी कसत कोण होते' हा. परंतु कूळ असल्याचा पुरावा सातबाराच्या नोंदीत हवा. आणि पाड्यावर राहणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाचे नाव त्या रकान्यात चढलेले नसेल, तर कसणारा असूनही तो कूळ ठरत नसे. पुढे १९७४ च्या प्रत्यार्पणाच्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. येथेही मूळ ठरविले ते दोन तारखांनी. नदीचे मूळ डोंगरात असते. कायद्यातील मूळ तारखेत असते.

६. उपसंहार

या सर्व विवेचनातून काय हाती लागते? शब्दांच्या व्युत्पत्तीने डहाणूचे नाव नदीपर्यंत नेता आले. वारली या नावाच्या उपपत्तींतील एक दुर्बळ ठरवून दोन उरविता आल्या. वेठीचे वय कळले. कुळाचे मूळ घराण्यात सापडले. व्युत्पत्ती एवढे करू शकते. परंतु येथे प्रथम कोण आले, याची साक्ष तिच्यापाशी नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये महाराष्ट्रातील भिल्ल समाजाच्या एका स्त्रीवरील अत्याचाराच्या प्रकरणात निकाल देताना आदिवासी हे या देशाचे मूळ रहिवासी असल्याचा विचार विस्ताराने मांडला. उलट, मूळ रहिवाशांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या घोषणेला भारताने अनुकूल मत दिले ते सर्वच भारतीय मूळ रहिवासी आहेत ही भूमिका कायम ठेवून. दोन्ही भूमिकांत 'मूळ' हा शब्द आहे. पण पहिलीत तो वेगळेपणाची खूण होतो आणि दुसरीत वेगळेपण पुसून टाकतो. यांपैकी कोणत्याही पक्षाने कोशाकडे बोट दाखवून वाद मिटविण्याचा प्रयत्न केला तर कोशावर अन्याय होईल.

हक्काला मुळाचा आधार लागतोच असेही नाही. संविधानाने ज्यांना 'मूलभूत' म्हटले ते हक्क प्रथम आलेल्याला आणि काल आलेल्याला सारखेच आहेत. आणि ज्या हक्कांना दीर्घ वास्तव्य लागते, त्यांच्यासाठी २००६ च्या वनहक्क कायद्याने एक लक्षणीय गोष्ट केली. दाव्याच्या पुराव्यात त्याच्या नियमांनी दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या माणसांचे, लिहून घेतलेले निवेदनही ग्राह्य धरले. ज्या रानाला कागद नव्हता त्याच्या तोंडी आठवणीला प्रथमच कागदाची बरोबरी मिळाली. उषवदाताच्या लेखात दाहनुका नदीवरील नावा आहेत, पण त्या नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या माणसांचा शब्द नाही. तो शब्द आज पाड्यावरील म्हाताऱ्यांच्या आणि धवलेरींच्या तोंडी आहे. तो नीट ऐकून, त्यातील ल चा ळ न करता, लिहून ठेवणे हे आपल्या विद्यापीठांचे काम आहे. तसे झाले म्हणजे पुढील अभ्यासकाला या प्रदेशाचे मूळ शोधताना केवळ किनाऱ्यावरच्या लेखांवर विसंबून राहावे लागणार नाही.